मेजर जनरल जगन्नाथराव भोसले : सैनिकी विद्यालयाची पारख

विद्यार्थिमित्रहो, आपल्या मिरकरवाड्याच्या बंदरात कोणी नवी नौका विकत घेतो, तेव्हा तिचा रंग पाहून तो पैसे मोजीत नाही. तो तिच्या तळाशी वाकतो, फळ्यांवर मूठ आपटून पाहतो, इंजिन सुरू करावयास लावतो आणि ती पूर्वी कोणत्या तांडेलाच्या हाताखाली चालली ह्याची चौकशी करतो. समुद्रावर गेल्यानंतर पश्चात्तापाचा उपयोग नसतो, हे तो जाणून असतो. परंतु त्याच घरातील मुलगा जेव्हा सैनिकी शाळेत जाण्याचा हट्ट धरतो, तेव्हा पुष्कळदा गणवेशाची चमक व बँडचा ताल ह्यांवरच निर्णय होतो. किंवा केवळ भीतीपोटी नकार दिला जातो. पारख करण्याचे काम दोन्ही वेळी राहूनच जाते. ही पारख कशी करावी, हे एका मोठ्या पुरुषाच्या चरित्रातून शिकता येते. तो पुरुष आपल्याच कोकणात जन्मला, आपल्याच जिल्ह्यातून लोकसभेवर निवडून गेला आणि दोन सैनिकी विद्यालयांत शिकून त्या शिक्षणाचा त्याने असा उपयोग केला, की जो त्या विद्यालयांच्या चालकांच्या स्वप्नातही आला नसेल. त्याचे नाव जगन्नाथराव कृष्णराव भोसले.

जगन्नाथरावांचा जन्म 1906 साली सावंतवाडी संस्थानातील तिरोडे ह्या गावी झाला. हे संस्थान 1948 मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात विलीन झाले, आणि 1 मे 1981 रोजी सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा होईपर्यंत तो सर्व मुलूख रत्नागिरीचाच भाग होता. तेव्हा जगन्नाथरावांना आपल्या जिल्ह्याचे सुपुत्र म्हणावयास काहीच हरकत नाही.

कोकणातील तरुण सैन्यात जातो, ही गोष्ट त्या काळी नवीन नव्हती. मराठा पलटणींत कोकणातील शेकडो घरांची मुले होती. दुसऱ्या महायुद्धापूर्वी हिंदी आरमारातील खलाशांत रत्नागिरीकडील मुसलमान बांधवांचा भरणा मोठा होता. शौर्य, काटकपणा व समुद्राची सवय ह्या गुणांसाठी आपल्या किनाऱ्याची कीर्ती होती. तथापि एक दार मात्र बंद होते. हिंदी शिपाई कितीही पराक्रमी निघाला, तरी तो चढत चढत सुभेदार-मेजर होई आणि तेथेच थांबे. बादशाही सनद घेऊन येणारा कालचा इंग्रज पोरही त्याचा वरिष्ठ ठरे. हे दार 1917 साली प्रथम किलकिले झाले, आणि 1918 पासून इंग्लंडातील सँडहर्स्टच्या शाही सैनिकी विद्यालयात हिंदी तरुणांसाठी दरवर्षी दहा जागा राखून ठेवण्यात आल्या. एवढ्या मोठ्या देशाला वर्षाला दहा जागा !

आता विचार करा. सँडहर्स्ट म्हणजे मुंबईहून दोन-तीन आठवड्यांच्या जलप्रवासाच्या पलीकडचे ठिकाण. हिंदुस्थानातील कोणता पिता आधी तेथे जाऊन वसतिगृह, भोजनगृह, कवायतीचे मैदान व शिक्षकवर्ग पाहून येणार होता ? मुलाला पाठवावयाचे ते डोळे मिटूनच. त्याचा परिणाम असा झाला, की आरंभी गेलेल्या हिंदी तरुणांपैकी बऱ्याच जणांना तेथे यश आले नाही. त्यांच्यात बुद्धीची किंवा धैर्याची उणीव होती असे नव्हे. परक्या भाषेत सर्व शिक्षण, अपरिचित रीतिरिवाज, निराळे अन्न, कडाक्याची थंडी आणि घरच्यांपासून हजारो मैलांचे अंतर; ह्या साऱ्यांशी त्यांची आधी ओळखच झालेली नव्हती. न पाहिलेल्या नौकेत बसल्याचे हे फळ होते.

ह्यावर उपाय म्हणून डेहराडून येथे 13 मार्च 1922 रोजी प्रिन्स ऑफ वेल्स ह्यांच्या हस्ते एक सैनिकी शाळा उघडण्यात आली. तीच आजची राष्ट्रीय इंडियन मिलिटरी कॉलेज ही संस्था. कॉलेज हे नाव असले तरी ती शाळाच होती व आहे. तिचा हेतू असा की, सँडहर्स्टला जाऊ इच्छिणाऱ्या हिंदी मुलांना तेथील जीवनाची सवय आधीच व्हावी. पहाटे उठणे, बिछाना स्वतः आवरणे, बूट चकचकीत ठेवणे, वेळेवर मैदानात हजर असणे, खेळात हरल्यावर तक्रार न करणे, आणि निरनिराळ्या धर्मांच्या व प्रांतांच्या मुलांबरोबर एका पंक्तीस जेवणे, हे तेथील रोजचे पाठ होते. एका अर्थाने ही शाळा म्हणजे सँडहर्स्टच्या घराची ओसरीच होती. ओसरीवर काही वर्षे बसून मुलगा ठरवू शके की, आत जावे की नाही. आणि घरच्या मंडळींनाही कळून येई की, हा मार्ग आपल्या मुलाच्या प्रकृतीला मानवतो की नाही. मात्र ह्या ओसरीवर येण्यासही पैसा लागे. तेथील खर्च साध्या शेतकऱ्याच्या वा कोळ्याच्या आवाक्यातला नव्हता, हेही येथे सांगितले पाहिजे.

जगन्नाथराव ह्याच शाळेत शिकले आणि तेथून सँडहर्स्टला गेले. ते ज्या काळात सैनिकी शिक्षण घेत होते, त्याच काळात एक महत्त्वाची घटना घडली. हिंदुस्थानातच सँडहर्स्टसारखे विद्यालय असावे की काय, ह्याचा विचार करण्यासाठी 1925 साली सरकारने जनरल स्कीन ह्यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. ह्या समितीने कागदोपत्री चर्चेवर समाधान मानले नाही. मुंबईचे बॅरिस्टर महंमद अली जिना, सर फिरोज सेठना व मेजर जोरावरसिंग ह्यांची एक उपसमिती 1926 साली इंग्लंड, फ्रान्स, कॅनडा व अमेरिका ह्या देशांत गेली व तेथील सैनिकी विद्यालये तिने प्रत्यक्ष पाहिली. आधी पाहावे, विचारावे आणि मग ठरवावे, ही रीत त्यांनी एका राष्ट्राच्या वतीने पाळली. समितीने स्वदेशी विद्यालयाची शिफारस केली आणि पुढे 1932 साली डेहराडून येथे 40 छात्रांनिशी इंडियन मिलिटरी अकॅडमी सुरू झाली. त्यानंतर सैन्यात अधिकारी होऊ इच्छिणाऱ्या हिंदी तरुणाला सातासमुद्रापार जाण्याची गरज उरली नाही. जगन्नाथरावांना मात्र जावेच लागले होते.

सँडहर्स्टचे शिक्षण पुरे करून जगन्नाथरावांनी 1928 साली बादशाही सनद मिळविली. तेव्हाच्या नियमाप्रमाणे प्रथम एक वर्ष त्यांनी गोऱ्या पलटणीत उमेदवारी केली आणि नंतर ते पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पाचव्या रॉयल बटालियनमध्ये रुजू झाले. ह्या नेमणुकीतही एक मर्म दडलेले आहे. सरकारने 1923 साली आठ पलटणी निवडून काढल्या होत्या व हिंदी अधिकाऱ्यांना हळूहळू त्यांतच भरावयाचे असे ठरविले होते. मराठ्यांची ही पाचवी बटालियन त्या आठांपैकी एक होती. वरवर पाहता ही हिंदी लोकांना दिलेली सवलत दिसे. परंतु त्यामुळे हिंदी अधिकारी ह्या आठ पलटणींपुरतेच राहत आणि त्यांच्या हुकुमाखाली इंग्रज अधिकाऱ्याने काम करण्याचा प्रसंग सहसा उद्भवत नसे. सँडहर्स्टमध्ये खांद्याला खांदा लावून शिकलेल्या दोन तरुणांपैकी एकाला सारे सैन्य मोकळे होते आणि दुसऱ्याला आठ खोल्यांचे घर आखून दिलेले होते. शिक्षण सारखे, परीक्षा सारखी, परंतु भरवसा सारखा नव्हता. सैनिकी विद्यालयाच्या इमारतीकडे पाहून हे कोणाला कधीच कळले नसते.

दुसरे महायुद्ध सुरू झाले. जगन्नाथराव बढती मिळवीत लेफ्टनंट कर्नलच्या हुद्द्याला पोहोचले होते आणि मलायाच्या आघाडीवर होते. 15 फेब्रुवारी 1942 रोजी सिंगापूरच्या इंग्रज सेनापतीने जपानपुढे शस्त्रे खाली ठेवली. दोन दिवसांनी, 17 फेब्रुवारीस, हजारो हिंदी सैनिकांना फॅरर पार्क नावाच्या मैदानावर एकत्र करण्यात आले आणि त्यांना जपान्यांच्या स्वाधीन करण्यात आले. गोरे सैनिक व अधिकारी ह्यांना वेगळे काढून दुसरीकडे नेले होते. कालपर्यंत ज्यांच्या हुकुमाने लढलो, ते निघून गेले. आणि आता स्वदेशाच्या स्वातंत्र्यासाठी निराळी सेना उभारण्याचे आवाहन कॅप्टन मोहनसिंग करीत होते.

विद्यार्थिमित्रहो, ह्या ठिकाणी क्षणभर थांबा. प्रत्येक हिंदी अधिकाऱ्यापुढे त्या दिवशी जो प्रश्न उभा राहिला, त्याचे उत्तर कोणत्याही सैनिकी विद्यालयाच्या क्रमिक पुस्तकात नव्हते. त्यांनी बादशहाशी एकनिष्ठ राहण्याचे वचन दिलेले होते. वचन मोडणे हे सैनिकाला मरणाहून वाईट वाटते. दुसरीकडे जन्मभूमी पारतंत्र्यात होती, आणि तिच्यावर कोणाचा अधिक हक्क हा प्रश्न मन पोखरीत होता. शिवाय आवाहनाच्या पाठीशी जपान उभा होता. आणि जपानी सैन्याने चीनमध्ये व सिंगापुरात चिनी रहिवाशांवर केलेले अत्याचार कोणापासून लपलेले नव्हते. काहींनी वचनाला चिकटून राहण्याचे ठरविले. त्यांनी बंदिवास पत्करला आणि त्यांतील अनेकांना न्यू गिनीसारख्या दूरच्या बेटांवर नेऊन राबविण्यात आले. कित्येक तेथेच मरण पावले. काहींनी नवी सेना जवळ केली. ह्या दोहोंपैकी कोणालाही आज घरात बसून भित्रा किंवा फितूर म्हणणे हे आपणांस शोभणार नाही.

जगन्नाथरावांनी आझाद हिंद सेनेचा मार्ग धरला. सप्टेंबर 1942 मध्ये तिच्या पहिल्या लढाऊ दलाचे आधिपत्य त्यांच्याकडे आले. थोड्याच महिन्यांत मोहनसिंग व जपानी अधिकारी ह्यांच्यात तीव्र मतभेद झाला. आम्ही तुमचे हस्तक नव्हे, मित्र आहोत, अशी मोहनसिंगांची भूमिका होती, आणि त्यापायी डिसेंबरअखेर त्यांना अटक झाली. सेना मोडकळीस आली. अशा वेळी जे थोडे अनुभवी अधिकारी तिला सावरून धरण्यास उरले, त्यांत जगन्नाथराव प्रमुख होते. 1943 च्या आरंभी सेनेच्या लष्करी कचेरीचे संचालकपद त्यांच्याकडे आले. मोडलेली शिस्त पुन्हा उभारणे, शिपायांचा विश्वास परत मिळविणे, रसद व कपडालत्ता ह्यांची व्यवस्था लावणे, हे काम रणांगणावरील पराक्रमाइतके डोळ्यांत भरत नाही. परंतु त्यावाचून सेना उभी राहत नाही.

जुलै 1943 मध्ये नेताजी सुभाषचंद्र बोस सिंगापुरास पोहोचले, तेव्हा त्यांना कवायतीत उभी असलेली सेना मिळाली. 21 ऑक्टोबर 1943 रोजी त्यांनी स्वतंत्र हिंदुस्थानच्या हंगामी सरकारची घोषणा केली. त्या मंत्रिमंडळात सेनेच्या प्रतिनिधींत जगन्नाथराव होते. पुढे मेजर जनरल म्हणून त्यांची बढती झाली व सेनेच्या प्रमुख अधिकाऱ्यांत त्यांची गणना झाली. ह्या सेनेत मळ्यांतील मजूर, दुकानदार, कारकून असे कधी बंदूक न धरलेले लोकही भरती झाले. झाशीच्या राणीच्या नावाने स्त्रियांचे दल उभे राहिले. 1944 साली मलाया व ब्रह्मदेश येथील सुमारे 45 हिंदी तरुणांना सैनिकी शिक्षणासाठी थेट टोकियोस धाडण्यात आले. आपल्याच वरच्या इयत्तांतील मुलांच्या वयाची ती मुले होती. त्यांच्या आईबापांनाही आधी विद्यालय पाहण्याची संधी नव्हती, आणि जहाज परत येईल की नाही ह्याचीही शाश्वती नव्हती.

इंफाळची मोहीम 1944 मध्ये फसली. उपासमार, हिवताप व पाऊस ह्यांनी सैन्याची वाताहत केली. ऑगस्ट 1945 मध्ये जपान शरण गेला आणि आझाद हिंद सेनेचे अधिकारी ब्रिटिशांच्या ताब्यात आले. दिल्लीच्या लाल किल्ल्यात शाहनवाज खान, सहगल व धिल्लन ह्यांच्यावर खटला चालला. तेव्हा सारा देश जात-धर्म विसरून त्यांच्या पाठीशी उभा राहिला. त्यांपैकी शाहनवाज खान हेही डेहराडूनच्या त्याच शाळेचे विद्यार्थी होते. जानेवारी 1946 मध्ये त्या तिघांची शिक्षा माफ झाली. इतरही हळूहळू सुटले.

स्वातंत्र्य आले, परंतु आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांना स्वतंत्र भारताच्या सैन्यात परत घेण्यात आले नाही. ज्या विद्येसाठी जगन्नाथरावांनी कोवळे वय वेचले, त्या विद्येचा व्यवसाय चाळिशीच्या उंबरठ्यावर त्यांना कायमचा बंद झाला. इंग्रजांचा गणवेश त्यांनी स्वतः उतरविला होता; आझाद हिंद सेनेचा गणवेश पराभवाने उतरविला; आणि स्वतंत्र भारताचा गणवेश अंगावर चढलाच नाही. दुसरा कोणी असता, तर कडवटपणे घरी बसून राहिला असता. जगन्नाथरावांचे खरे मोठेपण येथून पुढे दिसते.

1952 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते रत्नागिरी उत्तर मतदारसंघातून काँग्रेसतर्फे लोकसभेवर निवडून गेले व पुनर्वसन खात्याचे उपमंत्री झाले. फाळणीच्या वणव्यातून होरपळून आलेल्या लाखो निर्वासितांची व्यवस्था पाहणे हे ह्या खात्याचे काम. त्या निर्वासितांत आईबाप गमावलेली मुले होती. त्यांना अन्न व निवारा मिळत होता. परंतु मने उद्ध्वस्त झालेली होती. दिल्लीतील लाजपतनगर येथील कस्तुरबा निकेतन ह्या आश्रयस्थानी 1954 साली जगन्नाथरावांनी अशा मुलांसाठी राष्ट्रीय शिस्त योजना सुरू केली. कवायत, व्यायाम, समूहगीत, स्वच्छता, वेळेचे भान आणि देशाविषयी प्रेम, असा तिचा साधा क्रम होता. बंदूक तिच्यात नव्हती. काही महिन्यांतच तेथील मुलांच्या वागण्यात जो पालट दिसला, त्यामुळे ही योजना इतर शाळांतही पसरली. राजस्थानातील सरिस्का येथे तिच्या शिक्षकांना शिकविण्याची सोय झाली, आणि देशभरातील शाळांच्या मैदानांवर ते शिक्षक काम करू लागले.

हे कार्य चालू असताच 1963 साली जगन्नाथराव निवर्तले. पुढे ती योजना सरकारच्या दुसऱ्या योजनांत मिसळून गेली. मुंबईत मंत्रालयाजवळील एका रस्त्याला जनरल जगन्नाथराव भोसले ह्यांचे नाव दिलेले आहे. तुमच्यापैकी कोणी त्या बाजूस गेला, तर ती पाटी अवश्य वाचा.

आता ह्या चरित्राचा मथितार्थ पाहू. डेहराडूनने व सँडहर्स्टने जगन्नाथरावांना दोन गोष्टी दिल्या असे म्हणता येईल. पहिली, अंगी मुरलेली शिस्त. ती तीन सरकारे पालटली तरी त्यांच्यापाशी राहिली, आणि अखेरीस अनाथ बालकांच्या उपयोगी पडली. दुसरी, एक शपथ. ती मात्र प्रसंग आला तेव्हा त्यांना स्वतःच्या विवेकाच्या तराजूवर तोलावी लागली. शाळा हात घडविते, पाऊल घडविते, आवाजही घडविते. परंतु हे सर्व कोणाच्या सेवेस लावावयाचे, हा निर्णय ज्याचा त्यालाच करावा लागतो. म्हणून सैनिकी विद्यालयाची पारख करताना ते मुलाला केवळ हुकूम पाळावयास शिकविते, की बरेवाईट ओळखावयासही शिकविते, हे पाहणे सर्वांत अगत्याचे आहे.

सुदैवाने आज आपल्याला डोळे मिटून जाण्याचे कारण नाही. साताऱ्याची सैनिक शाळा 23 जून 1961 रोजी सुरू झाली. मिरकरवाड्याहून सकाळी निघालेला मनुष्य त्याच दिवशी तेथे पोहोचतो. खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी पुण्याजवळच आहे. बारावीनंतर लोकसेवा आयोगाची परीक्षा व त्यापुढील निवड मंडळाची कसोटी उतरल्यावर तेथे प्रवेश मिळतो. डेहराडूनच्या जुन्या शाळेत आठव्या इयत्तेसाठी स्पर्धापरीक्षेने प्रवेश होतो. मुलींनाही आता हे मार्ग मोकळे झाले आहेत. प्रबोधिनीत 2022 साली दाखल झालेल्या मुलींपैकी 17 जणींची पहिली तुकडी मे 2025 मध्ये बाहेर पडली. खलाशाच्या किंवा जाळे विणणाऱ्या आईच्या मुलीने अधिकारी होण्याची आकांक्षा धरावी, अशी ही वेळ आहे.

तेव्हा पालकहो, मुलाने वा मुलीने ही इच्छा बोलून दाखविली, तर रागावू नका आणि हुरळूनही जाऊ नका. रीतसर परवानगी काढून त्यांना घेऊन जा. संचलनाच्या दिवशी सर्वच शाळा सुंदर दिसतात. म्हणून शक्य तर साध्या दिवशी जा. मुलांची निजावयाची जागा, स्वयंपाकघर व दवाखाना पाहा. पहिल्या वर्षाचा विद्यार्थी भेटला, तर त्याच्या तोंडावरचा भाव पाहा. मोठी मुले लहानांना कसे वागवितात, ह्याकडे विशेष लक्ष द्या. मध्येच परत यावेसे वाटले तर काय नियम आहेत, किती पैसे भरावे लागतील, हे स्पष्ट विचारून घ्या; त्यात कमीपणा नाही. ग्रंथालयात जा आणि तेथील पुस्तकांवर धूळ आहे की बोटांचे ठसे, ते बघा.

आणि विद्यार्थिमित्रांनो, परत येताना एक प्रश्न तुम्ही स्वतःला विचारा. हा गणवेश उद्या काही कारणाने उतरवावा लागला, तर येथून नेलेले माझ्यापाशी काय उरेल ? जगन्नाथरावांचा गणवेश उतरला, तेव्हा त्यांच्यापाशी निर्वासित मुलांना ताठ उभे करण्याचे सामर्थ्य उरले होते. तुमचे उत्तर समाधानकारक आले, तर खुशाल जा. आणि न आले, तर शेत, बंदर, शाळा, दवाखाना अशी देशसेवेची दुसरी मैदाने तुमची वाट पाहत आहेत. शिस्तीची गरज तेथेही तितकीच आहे.